व्हीलचेअरचं चित्र असलेलं टॉयलेट रिकामं असेल तर आपण जावं का?

कांदेनवमी
गेल्या शनिवारची गोष्ट. पुण्यातल्या एका मॉलमध्ये सिनेमाला गेलो होतो. मध्यंतर झालं आणि बायकांच्या टॉयलेटची रांग नेहमीसारखी दाराबाहेर, पार पॉपकॉर्नच्या काउंटरपर्यंत. पुरुषांकडे अर्थातच शुकशुकाट. नवरा गेला, आला, वर "अजून इथेच?" असं विचारून सामोसे आणायला गेला. माझ्या पुढे अकरा बायका, त्यातल्या तिघींबरोबर लहान मुलं. शेजारी व्हीलचेअरचं चित्र असलेलं दार, आत कोणी नाही. दोन मिनिटं मनाशी भांडले आणि गेले.

बाहेर आले तर समोर व्हीलचेअरवर पन्नाशीचे एक गृहस्थ, मागे बहुधा त्यांची मुलगी. मी "सॉरी" म्हणाले. ते "असू दे" म्हणाले. बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलगी आधी एकटीच आत गेली, पिशवीतून जुना टॉवेल काढला आणि खाली वाकून फरशी पुसायला लागली. ती फरशी मी ओली केली होती. मुद्दाम नाही, जेटला प्रेशर फार होतं, पण केली होती मीच.

घरी विषय काढला. नवरा म्हणतो, "रिकामं होतं, तीन मिनिटांत आलीस, गाडी लावून अडवून थोडीच बसलीस?" सासूबाई म्हणतात, "कळ काढता येत होती ना? मग काढायची." मला दोन्ही पटतंय, म्हणून झोप नाही. तुम्ही काय करता?

तिरपागडा
तुमच्या यजमानांना माझं मत. अपंगांची पार्किंगची जागा आणि टॉयलेट यांत फरक आहे. गाडी लावून माणूस तीन तास गायब होतो, टॉयलेटमधून पाच मिनिटांत बाहेर येतो. त्या दारावरचं चित्र "इथे व्हीलचेअर जाते" एवढंच सांगतं, "इतरांनी येऊ नये" असं कुठे लिहिलेलं असतं? आत गेलं म्हणून दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्याकडे आधीच टॉयलेटांचा दुष्काळ, त्यातलं एक दिवसभर रिकामं ठेवायचं आणि शेजारी अकरा बायका पाय आवळून उभ्या, ही कुठली संवेदनशीलता? कोणी आलं तर त्याला पुढे सोडावं, नसेल तर खुशाल जावं. मी जातो.

चाकं_चार
त्या गृहस्थांच्या जागी असतो तर मीही "असू दे"च म्हणालो असतो. दर वेळी भांडायला ताकद कुठून आणायची?

थोडं खासगी लिहितो, त्याशिवाय कळणार नाही. अपघातात माझ्या मणक्याला डी-४ला, म्हणजे छातीच्या मागे वरच्या बाजूला, इजा झाली, त्याला चौदा वर्षं झाली. छातीच्या खाली काही जाणवत नाही. म्हणजे "लागली" हेही कळत नाही. घड्याळ लावून दर चार-पाच तासांनी कॅथेटर घालायचा आणि लघवी काढायची. तिरपागडासाहेब, तुम्हाला जास्त वेळ थांबावं लागलं तर अस्वस्थ होतं. मला कपाळावर घाम फुटतो, डोकं ठणकतं आणि रक्तदाब एकदम चढतो. मणक्याला एवढ्या वर इजा असली की असं होतं, आणि मूत्राशय रिकामं करणं हा त्यावरचा पहिला उपाय. त्यामुळे बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी मोजून पितो. तेही चूकच, त्याने लघवीला इन्फेक्शन होतं. पण पर्याय?

तुमची तीन मिनिटं मला चालतात, खरंच. पण "तीन मिनिटांत येतो" म्हणून जाणारे सगळेच तीन मिनिटांत येत नाहीत. बंद दाराबाहेर बसून आतला रील्सचा आवाज मी ऐकलेला आहे.

माझी खरी तक्रार फरशीची. आत गेल्यावर मी काय करतो ते सांगतो. खुर्ची कमोडच्या शेजारी तिरकी लावायची, ब्रेक, पाय ठेवायच्या पट्ट्या वर, खुर्चीचा एका बाजूचा हात काढायचा. मग एक तळवा भिंतीच्या दांड्यावर, दुसरा कमोडच्या कडेवर टेकवून सगळं अंग उचलायचं आणि सरकवायचं. कड ओली असेल तर हात सटकतो. फरशी ओली असेल तर ब्रेक लावूनही खुर्ची हळूच मागे सरते. एवढं करून बसलो आणि कपडे भिजले, तर त्याच ओल्यावर दिवसभर बसणं आलं. खालच्या कातडीला जखम होते, ती मला कळत नाही. अशी एक जखम भरून यायला मी चार महिने पालथा पडून होतो. कुबड्यांवर चालणाऱ्यांचं तर विचारूच नका, खालचं रबर झिजलेलं असलं की ओली टाइल म्हणजे हाड मोडायचीच सोय.

कांदेनवमीताई, तुम्ही फरशीचं लिहिलंत म्हणून एवढं लिहिलं. एरवी हा मुद्दा कोणाला दिसतच नाही.

कांदेनवमी
चार महिने... काय लिहू कळत नाहीये. फरशी पुसून बाहेर यायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येतं.

घाटावरची
चाकं_चार, तुमचं सगळं मान्य. पण या धाग्यावर बायकांनीच अपराधी वाटून घ्यायचं, हे काही मला पटत नाही. रांग का लागते? बिल्डर दोन्ही बाजूंना सारखी जागा देतो आणि स्वतःला न्यायी समजतो. पुरुषांकडे तेवढ्याच जागेत मुताऱ्या बसवल्या की एका वेळी जास्त लोक होतात. आमच्याकडे प्रत्येक वेळी दार, कडी, साडी किंवा सलवार सावरणं, पर्स कुठे टांगायची हा प्रश्न, पाळी असेल तर आणखी वेळ. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ केली तीच मुळी या रडगाण्यावर. आता जागेची कंजुषी केली मालकाने, आणि दाराशी भांडतायत कोण? रांगेतली बाई आणि खुर्चीवरचा माणूस. मालक वर बसून भाडं मोजतोय.

माझ्या ऑफिसात गरोदर असताना मी तेच टॉयलेट वापरायचे. आठव्या महिन्यात दांडा धरल्याशिवाय उठता यायचं नाही. एकाने टोमणा मारला, तेव्हा "आत येऊन उठवता का?" विचारलं. गप्प बसला.

कडकलक्ष्मी_नागपूर
गरोदर बाईला कोण अडवतंय! प्रश्न धडधाकटांचा आहे. माझं मत सरळ आहे. कुलूप लावा, किल्ली गार्डकडे ठेवा, ज्याच्याकडे दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असेल त्यालाच उघडून द्या. आपल्या लोकांना मोकळं सोडलं की काय होतं ते मुंबईच्या लोकलमध्ये बघा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायकांना परवानगी आहे, ती योग्यच. पण गर्दीच्या वेळी त्या डब्यात दारात लटकणारे दांडगट कोण असतात? पोलीस चढले की लगेच लंगडायला लागतात.

पोटोबा
हे कार्ड प्रकरण ऐकून माझ्या पोटात गोळा आला, आणि माझ्या पोटात गोळा येणं ही साधी बाब नाही.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. वय एकतीस, जिमला जातो, दिसायला धडधाकट. आजार उसळला की लागल्यापासून जेमतेम एक मिनिट हातात असतं. यूडीआयडी कार्ड नाही, कारण कायद्यातल्या एकवीस प्रकारांत माझा आजार नाही. एका हॉटेलात गार्डने दारात हात आडवा धरून सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" त्याला तिथे उभ्याउभ्या काय सांगायचं, रक्त पडतं म्हणून? त्यानंतर पुढचं जे झालं ते लिहीत नाही. नवी पँट घेऊन घरी आलो.

माझ्या ओळखीच्या एका काकूंचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर शौचाची पिशवी आहे. ती रिकामी करायला त्यांना आतच बेसिन लागतं, कपडे वर धरायला जागा लागते. साध्या टॉयलेटमध्ये बेसिन बाहेर असतं. बाहेरून बघितलंत तर काकू तुरुतुरु चालतात. तेव्हा "धडधाकट" हे ठरवणार कोण? माझं म्हणणं, ज्याला गरज नाही त्याने स्वतः जाऊ नये, पण आत गेलेल्याला कोणी जाब विचारू नये.

तिरपागडा
म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. कोण गरजू हे बाहेरून कळत नाही, तर सगळ्यांना जाऊ द्या!

पोटोबा
नाही हो. मी म्हणालो कोणी विचारू नये. तुम्ही स्वतःला विचारायला माझी हरकत नाही.

चाकं_चार
कुलपाबद्दल. कृपा करून ते सुचवू नका. कुलूप आत्ताही असतंच. किल्ली गार्डकडे, गार्ड चहाला. मग सुपरवायझरला फोन, त्याचा फोन लागत नाही, मग कोणीतरी पळत येऊन जुडग्यातल्या चौदा किल्ल्या एकेक लावून बघतो, आणि दार उघडलं की आत काय? बादल्या, मॉप, फिनेलचे कॅन, एकदा तर ख्रिसमसचं झाड. प्लॅस्टिकचं, दिव्यांसकट. तिरपागडांच्या मागे थांबणं परवडलं.

राईनकाठची
जर्मनीत कुलूप आहे, पण उलट्या बाजूने. १९८६ साली डार्मश्टाटच्या एका संस्थेने 'युरोश्लुसेल' नावाची किल्ली काढली. हायवेवरची, स्टेशनातली, पालिकेची अशी हजारो अपंगांची टॉयलेटं त्या एकाच किल्लीने उघडतात. कागदपत्र दाखवून ती एकदाच विकत घ्यायची, मग गार्ड नाही, विचारणा नाही. पोटोबांसारख्या आतड्याच्या आजारवाल्यांना आणि पिशवीवाल्यांनाही मिळते. ब्रिटनमध्ये असाच प्रकार त्याही आधी, १९८१ पासून, 'रडार की' म्हणून. किल्ली मालकाच्या खिशात की वापरणाऱ्याच्या, सगळा खेळ तिथे आहे.

माझ्या सासऱ्यांकडे ती किल्ली होती. ते गेल्यावर नवऱ्याने परत केली नाही आणि दोनदा स्वतः वापरली. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

उगवतीकडून
तोक्योत सगळ्यांना मोकळं सोडून बघितलंय. तिथे या मोठ्या टॉयलेटांना 'दारेदेमो तोइरे' म्हणायचे, म्हणजे कोणाचंही टॉयलेट. हेतू चांगला होता, की पाटी बघून कोणाला संकोच वाटू नये, बाळवाल्यांनी, म्हाताऱ्यांनी जावं. झालं असं की सगळेच जायला लागले, कपडे बदलायला, मेकअप करायला, आणि खुर्चीवाले बाहेर. शेवटी २०२१ मध्ये सरकारने मार्गदर्शक नियम बदलले, असली 'सर्वांसाठी' छापाची नावं टाळा म्हणून सांगितलं आणि बाळाला बदलायची फळी, पिशवीवाल्यांचं बेसिन वगैरे सोयी साध्या टॉयलेटांतही वाटून द्या म्हणून. जपानी माणसाला रांगेची शिस्त शिकवावी लागत नाही, तरी ही गत. तिरपागडाशेठ, आपलं काय होईल?

माजी_सुपरवायझर
मी सहा वर्षं एका मॉलमध्ये हाउसकीपिंग बघत होतो. शिव्या आम्हालाच बसतात, म्हणून आमची बाजू.

मॉप तिथे का ठेवतो? कारण मजल्यावर मॉप ठेवायला खोली दिलेलीच नसते. नळ आणि खाली जाळी असलेली, दार लागणारी, दिवसभर रिकामी अशी एकच जागा असते. मावश्यांना डबा खायलाही जागा नसते, मग त्याही तिथेच. चूक आहे, कबूल. पण चूक नकाशात होते, मॉपमध्ये नाही.

कुलूप का? आत काय काय चालायचं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. कॉलेजची जोडपी, सिगारेट, कमोडवर बूट घालून उकिडवं बसणं हे तर रोजचं. सीट तुटली की ऑर्डर करायला तीन आठवडे. भिंतीच्या दांड्यावर लोक पाय देऊन वर चढतात, का ते देवाला ठाऊक. तो दांडा एकदा हलायला लागला की ज्याच्यासाठी आहे तो भरवसा ठेवून लटकणार आणि पडणार. म्हणून वरून हुकूम, कुलूप लावा.

आणि दार! नियमात रुंदी ९०० मिलिमीटर आहे. आमच्या इथे दार तेवढं होतं, पण उघडायचं आतल्या बाजूला. खुर्ची आत गेली की दार लागायचंच नाही. सहा वर्षांत मी चार वेळा लिहून दिलं.

चाकं_चार
माजी_सुपरवायझर, तुम्ही चार वेळा लिहून दिलंत हे वाचून बरं वाटलं. दार न लागणाऱ्या टॉयलेटमध्ये बायको बाहेर पाठ करून उभी राहते, चादर धरल्यासारखी ओढणी धरून. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की असले नियम नुसते शिफारशी म्हणून ठेवू नका, सक्तीचे करा. बघू, बिजागरी कधी फिरते.

घाटावरची
तुमच्या बायकोला साध्या रांगेत उभं राहून पुन्हा धावत यावं लागत असेल ना?

चाकं_चार
नाही, ती माझ्यानंतर तिथेच जाते. तिरपागडांना सांगू नका.

तिरपागडा
वाचलं मी. जेट आणि फरशीचं मान्य, यापुढे पुसून बाहेर येईन. लोकलच्या डब्यात मी कधीच चढलेलो नाही, ते माझ्यावर ढकलू नका. पण रिकामं असेल, आजूबाजूला कोणी दिसत नसेल आणि मला लागली असेल, तर मी जाणार. खोटं कशाला बोलू.

कांदेनवमी
मी आज दिवसभर वेगळ्याच गोष्टीवर अडकले आहे. त्या मुलीच्या पिशवीत टॉवेल होता. सिनेमाला येताना घरून घेऊन निघाली होती ती. म्हणजे फरशी ओली असणार हे तिला आधीपासून माहीत होतं.

चाकं_चार
आमच्या पिशवीत दोन असतात. तिरपागडासाहेब, जा तुम्ही, पण फोन बाहेर ठेवून जा.