६ लाखांत चालवायला मजा येणारी जुनी गाडी : फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयच्या मागे लागू नका असं माझं मत

धागाकर्ता, पुणे
माझा मावसभाऊ वारज्याला राहतो, नोकरी हिंजवडी फेज ३ ला, आईवडील कराडला आणि बायकोचं माहेर चिपळूण. म्हणजे आठवडाभर चांदणी चौक ते भूमकर चौक ट्रॅफिक, महिन्यातनं एखादी खंबाटकी आणि सणावाराला पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. बजेट ट्रान्सफर, इन्शुरन्स सगळं धरून ६ लाख, एक रुपया जास्त नाही. गाडी चालवायची त्याला मनापासून आवड, त्यामुळे "घे एक वॅगनआर आणि गप बस" हे त्याला सांगायला मला स्वतःलाच आवडणार नाही. त्याच्या डोक्यात २०१५-१६ ची पोलो जीटी टीएसआय पक्की बसलीय. मी नको म्हणतोय, का ते लिहितो, पटत नसेल तर खोडून काढा.

कागदावर गाडी भारीच आहे. १.२ टर्बो, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क म्हणजे ओढ, शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्याने ९.७ सेकंद. पण ही टीएसआय आपल्याकडे फक्त डीएसजीमध्येच आली, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ७ गिअरचा ड्राय क्लचवाला. ड्राय म्हणजे क्लच तेलात बुडालेले नाहीत, उष्णता काढून न्यायला तेल नाही, आणि भूमकर चौकात संध्याकाळी गाडी चालण्याच्या वेगाने तासभर सरकते तेव्हा तेच क्लच सतत थोडे लागतात थोडे सुटतात आणि तापतात. त्यात मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे हे क्लच आणि गिअर आपोआप चालवणारा भाग, गेलं तर खर्च लाखाच्या वर जातो. दहा वर्षं जुनी गाडी, वॉरंटी संपलेली, आणि ज्याने सगळे ६ लाख खरेदीतच घातलेत त्याने हा लाख आणायचा कुठून?

माझं म्हणणं असं की सगळ्यात जास्त ५ लाख गाडीत घाला, साधी, हलकी, मॅन्युअल गाडी घ्या, फोर्ड फिगो १.५ डिझेल म्हणा, होंडा सिटी पेट्रोल म्हणा, चांगली मिळाली तर स्विफ्टसुद्धा, आणि उरलेल्या लाखातून चार उत्तम टायर, शॉकअब्सॉर्बर, सस्पेन्शनचे रबरी बुश, ब्रेक पॅड आणि सगळी ऑइलं एकदम नवीन करा. वळणावर मजा येते ती सस्पेन्शन घट्ट असलं आणि टायर रस्ता धरून राहिले तर. थकलेल्या बुशवर १०५ पीएस असले काय आणि ८३ असले काय.

कोल्हापूरकर
धागाकर्ते, डीएसजीची भीती जरा जास्तच पसरवताय. गिअरबॉक्स नाजूक आहे हे मान्य, पण जी गाडी आयुष्यभर हायवेवर पळालीय तिचे क्लच अजून छान असू शकतात, म्हणून पुण्या-मुंबईची गाडी सोडा, आमच्याकडची, सोलापूरची, बेळगावची बघा. सर्व्हिस रेकॉर्ड चॅसी नंबरवरून काढून मिळतो, त्यात मेकॅट्रॉनिक किंवा क्लच पॅक आधीच बदललेला दिसला तर ती गाडी उलट जास्त चांगली. चालवायची पद्धतही असते, ब्रेक अर्धवट सोडून इंच इंच सरकवत बसायचं नाही, पुढे एक गाडीची जागा होऊ द्यायची आणि मग सोडायची.

आणि १७५ एनएम १५०० आरपीएमपासून मिळतात हे तुम्ही एका ओळीत संपवलंत! खंबाटकी चढताना पुढे उसाचा ट्रक, मागे ट्रॅव्हल्स, मधे मोजून एक संधी, तिथे पायाखाली ताकद लगेच हजर असणं ही नुसती मजा नाही, सुरक्षिततासुद्धा आहे. स्विफ्टला तिथे दोन गिअर खाली घेऊन ओरडवावं लागतं. सुरक्षिततेचा विषय निघालाच तर २०१४ च्या ग्लोबल एनकॅप क्रॅश टेस्टमध्ये दोन एअरबॅगवाल्या पोलोला ४ स्टार होते आणि तुमच्या स्विफ्टला २०१८ मध्ये २. लहान मुलगी आहे म्हणता, मग हे आधी बघा.

धागाकर्ता, पुणे
स्टारचा मुद्दा बरोबर आहे, स्विफ्ट माझ्याही यादीत शेवटीच आहे. पण हायवेवर पळालेली गाडी आणली तरी उद्यापासून ती हिंजवडीतच चालणार ना दादा. आधीच्या मालकाने क्लच जपले म्हणून पुढची पाच वर्षं भूमकर चौक माफ होत नाही.

नाशिककर
दोघंही बलेनो आरएस विसरलात. २०१७ ला आली, १.० बूस्टरजेट टर्बो पेट्रोल, १०२ पीएस, १५० एनएम, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, बूट ३३९ लिटर. म्हणजे धागाकर्त्यांना हवी तशी हलकी आणि मॅन्युअल, कोल्हापूरकरांना हवा तो टर्बो, आणि सर्व्हिसला मारुती, जी चिपळूणलाही आहे आणि कराडलाही. नवी असताना जास्त विकली गेली नाही म्हणून लोकांच्या नजरेत येत नाही.

पिंपरीतला गॅरेजवाला
नाशिककर, गाडी चांगली आहे पण एक गोष्ट सांगायला हवी. आरएसचं इंजिन बाहेरून आयात होऊन यायचं आणि बीएस६ प्रदूषण नियमांच्या आधी २०२० च्या सुरुवातीला गाडीच बंद झाली. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड याची कधीच अडचण नाही, पण इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो असलं काही लागलं तर पार्टची वाट बघावी लागते आणि साध्या बलेनोच्या हिशोबात किंमत धरू नका. २०२३ पासून फ्राँक्समध्ये त्याच घराण्यातलं १.० टर्बो आलंय त्यामुळे पुढे सोपं होईल असं वाटतं, पण प्रत्येक पार्ट जसाच्या तसा बसेल हे धरून चालू नका, पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

फिगोबद्दल पण बोलतो. १०० पीएस, २१५ एनएम, गाडी छोटी, स्टिअरिंग छान, हात घालून काम करायला मला स्वतःला ती आवडते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं तेव्हापासून लोक घाबरतात. इंजिन इकोस्पोर्टमध्येही तेच, त्यामुळे इंजिनचे, सस्पेन्शनचे पार्ट मिळतात. हेडलाइट, बंपर, काच, दरवाजाची पट्टी हे मात्र शोधावं लागतं, म्हणून ठोकलेली फिगो घेऊ नका, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल बघा. तोंडी "बदललाय साहेब" चालत नाही, बेल्ट तुटला तर इंजिन उघडावं लागतं.

ठाण्याची ताई
मी स्वतः गाडी चालवते, दोन मुलं मोठी केलीत गाडीतून, आणि वर सगळ्यांनी मुलीचा उल्लेख फक्त तोंडी लावायला केलाय असं मला वाटतं. लहान मुलांची मागे तोंड असलेली सीट पोलोत किंवा फिगोत लावून बघा, पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. त्या घरात पुढे कोण बसणार, आई किंवा सासूबाई. कुंभार्ली घाटात तासभर असं कोण बसेल? आणि चिपळूणहून परत येताना फणस, आंबे, तांदळाची पोती, स्ट्रोलर, हे सगळं पोलोच्या २८० लिटरमध्ये भरून दाखवा.

म्हणून मी सिटी म्हणेन. चौथ्या पिढीची, २०१४ ते १७ मधली, १.५ आय-व्हीटेक मॅन्युअल. ११९ पीएस आहेत, बूट ५१० लिटर, मागची सीट प्रशस्त, आणि इंजिन वर फिरवलं की जो आवाज आणि जो ओढा येतो तो कुठल्याही तीन सिलिंडर टर्बोत येत नाही. टर्बो नाही, डीएसजी नाही, बेल्ट नाही, चेन आहे. आयसोफिक्सचं, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या कड्यांचं, मात्र व्हेरिअंटवर आणि वर्षावर विसंबू नका, मागच्या सीटच्या फटीत हात घालून लोखंडी कडी लागते का ते स्वतः बघा.

कोल्हापूरकर
ताई, सिटी उत्तम गाडी, घरात चुलत्यांकडे आहे. पण तिचे १४५ एनएम ४६०० आरपीएमला येतात. पाच माणसं, सामान, एसी चालू, कोयनेवरून घाट, तिथे सतत दुसऱ्या-तिसऱ्यात खेळावं लागतं. आणि खाली पोट घासतं, आमच्याकडच्या गतिरोधकांवर पाच जण बसले की तिरपी घ्यावी लागते.

ठाण्याची ताई
दुसऱ्या-तिसऱ्यात खेळणं यालाच तर आवडीने गाडी चालवणं म्हणतात ना! ज्याला गिअर टाकायला आवडत नाही त्याने स्पोर्टी गाडी शोधायचीच कशाला. पोट घासण्याचं खरं आहे, ते मान्य.

सोलापूरकर
सगळं सोडून नवी स्विफ्ट का नाही? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ अधिक सेस होता तो १८ झालाय, बेस मॉडेल एक्स-शोरूम ६ लाखांच्या आत आलंय, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला, वॉरंटी, ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलची चिंता नाही. दहा वर्षं जुन्या गाडीला कोणी काय काय केलंय हे शोधत बसण्यापेक्षा बरं.

धागाकर्ता, पुणे
एक्स-शोरूम ६ च्या आत, पण इथे पेट्रोलला ११ टक्के रोड टॅक्स आणि वर इन्शुरन्स, ऑनरोड साडेसहाच्या पुढे जाते, त्याच्याकडे ते नाहीत आणि ज्याच्यासाठी कर्ज काढावं अशी ती गाडी त्याला वाटतही नाही. पण तुमच्या मुद्द्यातून एक चांगली गोष्ट निघते, नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्यांच्या किमतीही उतरायला हव्यात. जीएसटी कपातीच्या आधीच्या भावाने कोणी साडेपाच मागत असेल तर सरळ सांगायचं, त्यात थोडी भर घातली की नवी येते.

ई२० बद्दल, एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या ई१० धरून बनवलेल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच, आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांच्यावर लक्ष ठेवावं लागणार. हा मुद्दा पोलो, आरएस, सिटी तिघींना लागू. फिगो डिझेलला नाही, माझा तिच्याकडे कल आहे त्याचं हे एक कारण.

नवी मुंबईकर
डिझेलच हवी तर दिल्लीच्या गाड्या बघा ना, तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल रस्त्यावर आणायच्या नाहीत अशी सरसकट अट होती, त्या धास्तीने आठ-नऊ वर्षांच्या डिझेल बऱ्याच स्वस्तात मिळतात. पोलो जीटी टीडीआय पण येते त्यात, १.५ डिझेल, २५० एनएम आणि पाच गिअर मॅन्युअल. डीएसजीचा वादच मिटला.

पिंपरीतला गॅरेजवाला
जीटी टीडीआय मॅन्युअल हे नाव फार चांगलं काढलंत, आतापर्यंतच्या सगळ्या यादीत घाटासाठी मी तीच घेईन. पण दिल्लीची नको. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स वयाप्रमाणे भरायचा, डिझेलला दर पेट्रोलपेक्षा जास्त, वर एजंट. स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते आणि गाडीचा इतिहास कोणाला विचारायला जाणार? एमएच १२, १४, ११, ५० नंबरची बघा, मालक समोर बसलेला असू दे. टीडीआय घेताना फोक्सवॅगनच्या २०१५ च्या डिझेल धूर चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणानंतर जो रिकॉल निघाला त्याचं सॉफ्टवेअर काम झालंय का तेवढं सर्व्हिस सेंटरला विचारा.

चिपळूणकर
धाग्यात आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लिहितोय. २२ जुलै २०२१ ला इथे हजारो गाड्या पाण्यात होत्या, मी स्वतः दारातून पाहिलंय ते. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला तेच झालं. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि आज त्यावर बाहेरून काही दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालचे रेल आणि बोल्ट गंजलेत का, कार्पेट उचलून खालचा फोम बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा, फ्यूज बॉक्समध्ये बारीक गाळ असतो. एसी लावून काचा बंद करून दहा मिनिटं बसा, कुबट वास अत्तराने झाकला जात नाही. गाडी जीटी आहे की आरएस याच्या आधी हे, कारण बुडालेल्या गाडीची वायरिंग वर्षभर बरी चालते आणि मग घाटात मध्यरात्री लाइट जातात. त्या गाडीत आमच्या गावचीच लेक बसणार आहे.

ठाण्याची ताई
हे फार महत्त्वाचं लिहिलंत दादा. त्यात एवढंच वाढवते, टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०१६ ची गाडी "तीस हजारच पळालीय" म्हणून दाखवतात आणि टायर २०२३ चे निघतात, म्हणजे पहिला सेट कधीच झिजून गेला. मग मीटर मागे फिरवलाय का हे सर्व्हिसच्या बिलांवरून ताडून बघायचं.

कोल्हापूरकर
माझं मत बदललेलं नाही, नीट सांभाळलेली जीटी टीएसआय मिळाली तर मी आजही तीच घेईन आणि एक लाख बाजूला ठेवीन. पण जीटी टीडीआयवर तडजोड करायला तयार आहे, ती चालवून खंबाटकी चढलेला माणूस पुन्हा फिगोकडे बघणार नाही.

धागाकर्ता, पुणे
एक लाख बाजूला ठेवायचा म्हणजे ५ मध्ये टीएसआय, आणि ५ मध्ये जी मिळते तिचीच मला भीती आहे. असो. भाऊ हे सगळं वाचतोय. रविवारी साताऱ्यात एक जीटी टीडीआय आणि कराडला एक २०१६ ची सिटी बघायला जातोय, दोन्ही पहिल्या मालकाच्या. वहिनी आणि चाइल्ड सीट दोन्ही सोबत, सीट लावूनच बघणार. इंजिन थंड असताना चालू करायचं असल्याने मालकांना आधी गाडी सुरू करू नका म्हणून सांगितलंय. टीडीआयवर बँकेचं कर्ज होतं, ते फिटलंय म्हणतात पण आरसीवर बोजा अजून दिसतोय, त्यामुळे बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही असं ठरलंय. साताऱ्यात सस्पेन्शन खालून बघून देणारं विश्वासाचं गॅरेज कोणाला माहीत असेल तर शनिवारपर्यंत सांगा.