नोटिशीचा महिना: धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांची नावं सरकारने बोर्डावर का लावायची?

अनवट:
परवा इथे एकांनी ठणकावून लिहिलं, "धर्म माणसाला बांधतो, सरकार सोडवतं. ज्याला जाच होतो त्याने रजिस्टर लग्न करावं, विषय संपला." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

विषय संपत नाही, तिथे सुरू होतो. १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे धर्म न बदलता सरकारी कार्यालयात लग्न करायचा कायदा, काढून वाचा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. मग नोटीस. ती कार्यालयात बोर्डावर लागते, नोटिशीची वही कोणीही फुकट पाहू शकतं, आणि ३० दिवस कोणीही उठून हरकत घेऊ शकतं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या कार्यालयात जाते आणि तिथेही लागते. जीव मुठीत धरून जी मुलगी घरातून निघाली, तिच्या जिल्ह्याला सरकार स्वतःहून कळवतं! हेच दोघं हिंदू असते तर सप्तपदी करून नंतर नोंदणी केली असती. आधी महिनाभर नोटीस लावायची भानगडच नाही.

१८७२ च्या मूळ कायद्यात "मी अमुक धर्म पाळत नाही" असं लिहून द्यावं लागे, नोटीस मात्र १४ दिवसांची होती. १९५४ ला ती लेखी कबुली गेली आणि १४ चे ३० झाले. याला सोडवणं म्हणायचं?

रोखठोक:
अर्धवट माहिती देऊन लोकांना भडकवू नका. हरकत कशावरही घेता येत नाही. आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, संमती देण्याच्या मानसिक स्थितीत नाही किंवा नातं निषिद्ध आहे, एवढीच कारणं. "आईबापांना पसंत नाही" हे कारण चालत नाही. अधिकाऱ्याला ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. इंग्लंडमध्येही २८ दिवसांची नोटीस आहे, फ्रान्समध्ये १० दिवस नावं लावतात.

आणि आता ऐका. माझ्या मावसबहिणीने प्रेमविवाह केला, देवळात, चार मित्र घेऊन. पुढे एक दिवस एक बाई दारात उभी राहिली. हातात रेशनकार्ड, त्यावर आमच्या जावयाचं नाव, खाली तिचं आणि दोन मुलांचं. बहीण तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. एक कागद कुठेतरी लागला असता तर ती वाचली असती. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांना निस्तरावं लागत नाही.

अनवट:
तुमच्या बहिणीवर अन्यायच झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण तिचं लग्न देवळात झालं. तिथे नोटीस नसतेच. फसवणूक धार्मिक लग्नात झाली आणि पहारा बसवायचा तो धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांवर? फ्रान्समध्ये कायद्याचं लग्न नगरपालिकेतच होतं, म्हणून तिथे नावं सगळ्यांचीच लागतात.

रोखठोक:
मग इथेही सगळ्यांची लावा. मी कुठे नाही म्हणतोय?

माळकरी:
म्हणजे आता सप्तपदीलाही सरकारची परवानगी! हेच होणार होतं. सरकारला धर्मात हात घालायची चटक लागली आहे. पंढरपूर घ्या. १९७३ चा कायदा केला, परंपरेने चालत आलेले हक्क काढले, समिती बसवली. भक्त आणि देव यांच्या मध्ये सरकारी माणूस कशाला? माझी आजी घरात मोठ्याने बोलायची नाही. वारीत तिला मी फुगडी घालताना पाहिलंय, लोकांच्या पुढे उभं राहून अभंग म्हणताना पाहिलंय. ते स्वातंत्र्य तिला कुठल्या कायद्याने दिलं नव्हतं.

गोदाकाठ:
अवांतर होतंय, पण हे सोडवत नाही. परंपरेने चालत आलेले हक्क कोणाचे, तेही लिहा ना! बडवे-उत्पातांचे, म्हणजे देवळातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे. दक्षिणेसाठी भाविकांना कसं वागवलं जायचं ते जुन्या वारकऱ्यांना विचारा. भक्त आणि देव यांच्या मध्ये माणूस होताच, फक्त तो सरकारी नव्हता. कोर्टबाजी २०१४ पर्यंत चालली, सुप्रीम कोर्टात निकाल लागला तेव्हा कुठे ते हक्क संपले. आणि १९४७ पर्यंत दलितांना आत पाऊल ठेवता येत नव्हतं, ती परंपरा सोयीने विसरलात?

माळकरी:
काहीही विसरलेलो नाही. १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले ते साने गुरुजी, सरकार नव्हे. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांची मनं वळवली. दार माणसांच्या सद्बुद्धीने उघडलं.

गोदाकाठ:
आणि त्याच वर्षी मुंबई सरकारला मंदिरप्रवेशाचा कायदा करावा लागला. सद्बुद्धी पुरत असती तर कशाला केला असता?

माळकरी:
गुरुजींच्या उपोषणाला क्षुल्लक ठरवायचं असेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. कायद्याशिवाय गावोगावच्या देवळांत अंमल झाला नसता, हे मानतो. पण त्यावरून आज समितीने देवळाच्या पैशाला हात लावणं योग्य ठरत नाही.

मिरी:
देवळाचं तुमचं चालू द्या. आमची नोटीस लागली होती, म्हणून लिहिते. आठवड्याच्या आत कोणीतरी बोर्डाचा फोटो काढला. दोघांचे फोटो, वय, घर क्रमांकासकट पत्ते. तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही असे लोक माझ्या वडिलांना फोन करून "मुलगी सांभाळता येत नाही का" असं विचारत होते. वडिलांनी दुकान उघडणं बंद केलं. रोखठोक, हरकतीची कारणं तुम्ही बरोबर सांगितलीत. आमच्या वेळी एकही हरकत आली नाही. कोणाला ती घ्यायची गरजच पडली नाही. आणि खोडसाळपणे घेतली असती, तरी कायद्यात भरपाई जास्तीत जास्त १,००० रुपये आहे.

माझे वडील देवभोळे आहेत. त्यांनी आम्हाला अडवलं नव्हतं. त्यांना मोडलं ते त्या कागदाने.

अनवट:
अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस लावायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. केरळने २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. संसदेने कायद्यातच बदल करावा, एवढीच मागणी आहे.

रोखठोक:
मिरीताई, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरीही पहिलं लग्न लपवणाऱ्याला पकडायचं कसं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. शपथपत्रावर खोटं लिहायला काय लागतं? सगळ्या लग्नांची सक्तीची नोंदणी करा असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलंय. ती नीट झाली तर अधिकारी कार्यालयात बसून तपासेल. तोवर बोर्डावरचा कागद काढा, वही ठेवा. याच्या पुढे मी सरकणार नाही.

मिरी:
वही कोणीही फुकट उघडू शकतं. बोर्डाचा फोटो काढणारा वहीचाही काढेल.

रोखठोक:
मग ओळखपत्र दाखवून, कारण लिहून देऊनच पाहू द्या, आणि कोणी पाहिली ते जोडप्याला कळवा. हे मान्य. वही बंद करणं मान्य नाही.