अनुभव धागा: मोडीतून टांगलेलं स्वयंपाकघर

ओट्यावर जागा नाही, हे रडगाणं घरोघरी. मोडीत काढायच्या वस्तूंपासून स्वयंपाकघरात काय टांगलंत ते लिहा. काय पडलं, तेही.

सुरुवात माझी. टेबलफॅन जळाला, पण पुढची जाळी ठणठणीत होती. घासून छताच्या कडीला तीन साखळ्यांनी आडवी टांगली. एस हूकांवर झारा, उलथनं, गाळणी, किसणी. फक्त जागा चुकली, बरोबर शेगडीच्या वर! पंधरा दिवसांत सगळ्यावर तेलकट चिकटा. आता खिडकीपाशी नवी कडी ठोकली आहे.

*

अहो, आमच्या कोकणात हे नवं कुठलं! आजी काथ्याचं शिंकं वळायची, त्यात दह्याचं मडकं. मला काथ्या वळता येत नाही, म्हणून तिच्याच विरलेल्या नऊवारीचे काठ घेतले. अंगाचं कापड जातं, काठ टिकतात. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घातली. पहिलं शिंकं ओझ्याने चार बोटं खाली आलं नि येताजाता डोक्याला लागायला लागलं. दुसऱ्या वेळी वेण्यांना रात्रभर वरवंटा बांधून ठेवला. जेवढं ताणायचं तेवढं ताणू दिलं, मग गाठी मारल्या.

*

घरात बोका असेल तर शिंक्याची म्हण आठवा. आमच्याकडे दही त्याला, लादी मला.

*

पुण्यात भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायचं नाही. चिकटवायचा हूक वाफेने सुटून रात्री दोनला तवा कोसळला. शेजारी उठले. तेव्हापासून जे काय ते खिडकीच्या गजांना. जुन्या जीन्सचा पाय खालून शिवून त्यात कांदे भरले, तर आठवड्यात वास. कांद्याला वारा हवा. ते आता संत्र्यांच्या जाळीत आहेत. जीन्समध्ये बटाटे, उजेड लागत नाही म्हणून हिरवे पडत नाहीत. दोन्ही एकत्र मात्र ठेवू नका.

*

नऊवारीवाल्या ताई, वजन किती पेलतं?

*

कांदे अडीच किलो, आरामात. नारळ पाच. सहावा आमच्या ह्यांनी ठेवला.