मदत हवी आहे: एकाच डोळ्याचे दोन कागदांवर वेगळे नंबर, आणि प्रोग्रेसिव्ह घ्यावा की नाही?

सदाफुली:

नमस्कार मंडळी,

वय ४६, चष्मा शाळेपासून. आजवर फक्त लांबचा नंबर होता. काच बदलायची, फ्रेम बदलायची, विषय संपला. हल्ली चष्मा लावून मोबाईल वाचता येत नाही, कपाळावर सरकवला की लख्ख दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, चाळिशी लागली, आता जवळचाही नंबर घ्या. इथवर ठीक.

डॉक्टरांच्या कागदावर आहे:
उजवा: स्फेरिकल −३.२५, सिलिंडर −१.००, अॅक्सिस १८०
डावा: स्फेरिकल −३.००, सिलिंडर −०.७५, अॅक्सिस १७०
अॅड (जवळचं वाचायला लांबच्या नंबरात मिळवायचा आकडा): दोन्हीला +१.५०

चष्म्याच्या दुकानातून मिळालेल्या कार्डावर:
उजवा: −४.२५, +१.००, ९०
डावा: −३.७५, +०.७५, ८०

आता हे काय? नंबर एकदम एकने वाढला? आणि प्लस कुठून आला? विचारलं तर "मॅडम, सेमच आहे ते" एवढंच उत्तर मिळालं आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याआधी मात्र त्याने बराच वेळ दिला होता. बायफोकल (वर लांबचा, खाली जवळचा नंबर), तीन दर्जांचे प्रोग्रेसिव्ह (नंबर वरून खाली हळूहळू बदलणारी काच), मग १.५६, १.६०, १.६७, १.७४ असे आकडे (जितका मोठा आकडा तितकी बारीक काच, आणि तितका जाड खिसा), त्यावर ब्लू कट (निळा प्रकाश अडवणारा), त्यावर अँटीग्लेअर. मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दोन स्क्रीनसमोर. यातलं मला खरंच काय लागतं, ते कोणी सांगेल का? फ्रेम अरुंद आयताकृती आवडते.

अण्णा_पेन्शनर:

ताई, प्रोग्रेसिव्हच्या नादी लागू नका. मी वर्षानुवर्षे डी बायफोकल वापरतोय. खाली पाहिलं की पेपर, वर पाहिलं की रस्ता. मुलाने हौसेने प्रोग्रेसिव्ह करून दिला होता, जिना उतरताना पायऱ्या पोहायला लागायच्या. कपाटात पडून आहे.

भिंगरी:

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पण दुकान नाही, त्यामुळे विकायला काही नाही.

दोन्ही कागद बरोबर आहेत. तुमच्या उजव्या डोळ्याला आडव्या दिशेत −३.२५ लागतो आणि उभ्या दिशेत −४.२५. स्फेरिकल म्हणजे मूळ नंबर, सिलिंडर म्हणजे दोन दिशांमधला फरक आणि अॅक्सिस म्हणजे त्या फरकाची दिशा सांगणारा कोन. हे लिहायच्या दोन पद्धती. एक तर −३.२५ पासून सुरुवात करून उभ्या दिशेत आणखी एक वजा करा, नाही तर −४.२५ पासून सुरुवात करून आडव्या दिशेत एक परत द्या. काच तीच बनते. पडताळायचं असेल तर स्फेरिकल आणि सिलिंडरची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह उलटं करा आणि अॅक्सिस ९० अंशांनी फिरवा. डाव्याचं बघा: −३.०० आणि −०.७५ मिळून −३.७५, सिलिंडर +०.७५, १७० चे ८०. जुळलं. ऑनलाइन ऑर्डर करताना मात्र एकाच कागदावरची पूर्ण ओळ उतरवा. चिन्ह इथलं आणि अॅक्सिस तिथला घेतला, तर भलतीच काच येते.

चष्मा काढल्यावर वाचता का येतं, तेही याच आकड्यांत आहे. १ ला डायॉप्टरने (म्हणजे चष्म्याच्या नंबराने) भागलं की अंतर मीटरमध्ये मिळतं. १ भागिले ३.२५ म्हणजे साधारण ३१ सेंटीमीटर. तेवढ्या अंतरावर तुमचा डोळा काहीही जोर न लावता पाहतो. दुसऱ्या दिशेत ते अंतर २३-२४ सेंटीमीटर पडतं, म्हणून अक्षर दिसत असलं तरी अगदी रेखीव नसेल. झोपून पुस्तक वाचायला चष्मा काढत असाल तर खुशाल काढा, डोळे बिघडत नाहीत.

अण्णा, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. पण डी बायफोकलमध्ये लांबचं आणि हातातलं एवढंच येतं. स्क्रीन असते ६०-७० सेंटीमीटरवर, ती दोन्हींत नीट बसत नाही. सदाफुलींचा सगळा दिवस नेमका त्या अंतरावर जातो.

सदाफुली:

कार्डाचं कोडं सुटलं, मनापासून आभार! म्हणजे प्रोग्रेसिव्हच ना?

भिंगरी:

बाहेर वावरायला हो. दोन स्क्रीनसाठी तो एकटा पुरेल असं मला वाटत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली हळूहळू बदलतो आणि मधला जो पट्टा स्क्रीनसाठी कामाचा, त्याला कॉरिडॉर म्हणतात, तो अरुंद असतो. दोन्ही कडांना धूसर दिसणारच, महागातल्या काचेत ते कमी असतं इतकंच. दोन स्क्रीनवर मान सारखी फिरवावी लागेल, शिवाय हनुवटी वर करून बसावं लागेल. संध्याकाळी मान धरते ती यानेच. त्यापेक्षा ऑफिसला फक्त स्क्रीनच्या अंतराचा साधा सिंगल व्हिजन चष्मा ठेवा. सिलिंडर तसाच राहतो, स्फेरिकल थोडा उतरतो. तुमच्या बाबतीत −३.२५ चा साधारण −२.५० होईल, नक्की आकडा डॉक्टर ठरवतील.

दर्जापेक्षा माप महत्त्वाचं. फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवून, तुम्ही समोर बघत असताना दोन्ही बुबुळांच्या मध्याच्या खुणा डमी काचेवर मार्करने करायला हव्यात, आणि प्रत्येक डोळ्याची पीडी (नाकाच्या मध्यापासून बुबुळाच्या मध्यापर्यंतचं अंतर) वेगळी घ्यायला हवी. खुणा न करता प्रोग्रेसिव्ह विकत असतील तर उठून या. अण्णांच्या पायऱ्या पोहायच्या त्याचं कारण कदाचित हेच असेल. तुमची आवडती अरुंद फ्रेम इथे अडचणीची आहे. काचेची उंची २८-३० मिमी नसेल तर वाचायचा भाग खालून कापला जातो.

उनाड_दुपार:

आणि ते १.६७ वगैरे? ब्लू कट?

भिंगरी:

या नंबराला १.६० पुरे. मायनस काच कडेला जाड होते, म्हणून लहान, गोलसर फ्रेम घेतली तर अर्धं काम तिथेच होतं. १.७४ मोठ्या नंबरांसाठी ठीक. इंडेक्स (म्हणजे हेच १.६०, १.६७ वगैरे आकडे) वाढला की रंग फाकण्याचं, म्हणजे कडांना रंगीत छटा दिसण्याचं, प्रमाणही सहसा वाढतं. ते मोजतात अॅबे नंबरने, तो जितका जास्त तितकं चांगलं. साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा जेमतेम ३०. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही म्हणून लहान मुलांना द्यावं, हिशेबाचे आकडे बघणाऱ्यांना नको.

अँटीग्लेअर जरूर घ्या. १.६० च्या उघड्या काचेवरून दोन्ही बाजू धरून सुमारे १० टक्के प्रकाश परत फिरतो. ब्लू कटवर पैसे घालू नका. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात असं दिसलं की स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने बहुधा कमी होत नाही.

प्रोग्रेसिव्ह हातात आला की काच उजेडात तिरकी धरून बघा. ३४ मिमी अंतरावर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील आणि कानाकडच्या खुणेखाली बहुतेक वेळा अॅड असतो. तुमच्या काचेवर १५ किंवा १.५० असं काहीतरी हवं.

सदाफुली:

फ्रेम मोजली, २४ मिमी भरली. ती ऑफिसच्या सिंगल व्हिजनला ठेवते आणि प्रोग्रेसिव्हसाठी उंच बघते. स्क्रीनचा नंबर डॉक्टरांकडून वेगळा लिहून आणायचा की दुकानात अंतर सांगितलं तरी चालतं?

भिंगरी:

लिहूनच आणा. जायच्या आधी खुर्चीत रोजच्यासारखं बसा आणि डोळ्यापासून दोन्ही स्क्रीनचं अंतर टेपने मोजा. कुणाकडून तरी मोजून घेतलंत तर बरं, स्वतः मोजताना माणूस पुढे वाकतो.