मदत हवी आहे: नवरीच्या पांढऱ्या झग्यात बंदूक चालवणारी बाई, हा कोरियन सिनेमा कुठला?

मंडळी, गेल्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला स्लीपर बसने येत होते. समोरच्या बर्थवरचा मुलगा मोबाईलवर सिनेमा बघत होता. त्याचा पडदा अर्धवट उघडा, म्हणून मीही फुकटात बघितला. आवाज त्याच्या कानात, माझ्या वाट्याला नुसती चित्रं. कारंजाला तो उतरला आणि माझा सिनेमा अर्ध्यावर राहिला. नाव विचारावं तर इतका वेळ त्याच्या मोबाईलमध्ये डोकावत होते हे कबूल करावं लागलं असतं!

आठवतं ते असं. सुरुवातीला माणूसच दिसत नाही, फक्त दोन हात. ते हात एका बोळातून गोळ्या झाडत, मग चाकूने, समोर येईल त्याला आडवा करत जातात. मला वाटलं पोरगा गेम खेळतोय. मग एका व्यायामशाळेत आरसा येतो आणि कळतं की ही तर बाई आहे. पुढे तिला कुठल्याशा बंदिस्त संस्थेत ठेवतात, तिथे तिला मुलगी होते. मध्येच बोगद्यात मोटरसायकलींवरून तलवारबाजी. आणि हे नक्की: लग्नाच्या दिवशी ती नवरीच्या झग्यात बाथरूममध्ये शिरते आणि खिडकीतून लांब पल्ल्याची बंदूक रोखते. नेम धरते आणि चेहराच पडतो तिचा. काऊन पडतो, ते काही समजलं नाही.

पाट्यांवरची अक्षरं कोरियन होती, तेवढं आईच्या मालिकांमुळे ओळखता येतं. तर प्रश्न तीन. सिनेमा कुठला? सुरुवातीची कत्तल आधीची की नंतरची, कारण गोष्ट सारखी मागेपुढे उड्या मारत होती. आणि आईसोबत बघता येईल का?

रात्रपाळी
लेडी व्हेंजन्स असेल. कोरियन, बाई, सूड. तुरुंग, मुलगी वगैरे.

पोहेवाला
किंवा किल बोकसून. त्यातही मारेकरी बाई आणि तिची मुलगी आहे.

धागाकर्ती
दोन्हींचे ट्रेलर बघितले. नाही हो. हिची मुलगी अगदी लहान आहे, चार-पाच वर्षांची असेल.

शेवटचा_खेळ
ताई, बाथरूममधली नवरी म्हटल्यावर शोधायची गरजच नाही. द व्हिलनेस, २०१७. दिग्दर्शक जंग ब्युंग-गिल, नायिका किम ओक-बिन. कोरियन नाव लिहितात अक-न्यो, म्हणजे दुष्ट बाई, पण उच्चार होतो आङ्न्यो. आपल्याकडे वाक् अधिक मय मिळून वाङ्मय होतं, तोच प्रकार. (मला हे फार आवडतं, म्हणून सांगितलं.)

लेडी व्हेंजन्स २००५चा, त्यातला सूड थंड डोक्याने शिजवलेला आहे, हाणामारी हा त्याचा जीव नाही. किल बोकसून २०२३चा, त्यातली आई धंद्याने मारेकरी आहे, सूडाने पेटलेली नाही.

आता क्रम. तुम्ही आवाजाशिवाय बघितला म्हणून गोंधळ झाला असं समजू नका, आवाज असूनही पहिल्यांदा सगळे चाचपडतात. नायिका सुक-ही लहान असताना तिच्या बापाचा खून होतो, तिच्या देखत. जुंग-सांग नावाचा टोळीवाला तिला वाढवतो, मारायला शिकवतो, पुढे तिच्याशी लग्न करतो. मग तो मारला गेल्याचं तिला कळतं. त्याचा सूड म्हणून ती एकटी जाऊन जे करते, ती तुमची सुरुवातीची कत्तल. म्हणजे सिनेमा तिथे सुरू होतो, पण तोवर तिचं अर्धं आयुष्य होऊन गेलेलं असतं.

त्यानंतर पोलीस पकडतात आणि गुप्तहेर खातं तिला उचलतं. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया, नवीन नाव, प्रशिक्षण. मुलगी जुंग-सांगचीच, ती पोटात असतानाच हिला पकडलेलं असतं. सौदा असा की दहा वर्षं खात्यासाठी काम कर, मग मोकळी. बाहेर तिची ओळख नाटकातली नटी. शेजारी एक भला माणूस राहायला येतो, त्याच्याशी लग्न ठरतं. तो खात्यानेच तिच्यावर लक्ष ठेवायला पाठवलेला असतो, हे प्रेक्षकाला माहीत असतं, तिला नाही.

पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांबा. रहस्यभेद आहे.

दुर्बिणीत तिला दिसतो तो जुंग-सांग. ज्याच्यासाठी तिने ती सगळी माणसं कापली, तो जिवंत. चेहरा पडेल नाहीतर काय! याच्या पुढचं मात्र मी सांगणार नाही.

रात्रपाळी
बाथरूमच्या खिडकीतून नेम, बाहेर नवऱ्याचा आवाज, हे निकिता (१९९०) या फ्रेंच सिनेमातून आलंय. सरकारने गुन्हेगार मुलीला उचलून मारेकरी बनवणं हेही तिथलंच. माझा लेडी व्हेंजन्स चुकला, पण हे बरोबर आहे.

शेवटचा_खेळ
बरोबर आहे. कथेत नवं फारसं नाहीच, माझ्या मते मधला तासभर तर कोरियन मालिकाच झालाय. पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे या दिग्दर्शकाला इतरांपेक्षा जास्त कळतं, कारण तो स्वतः सोलच्या अ‍ॅक्शन स्कूलमधून, म्हणजे स्टंट शिकवणाऱ्या शाळेतून शिकून आलाय. आपल्या तिथल्या सोबत्यांवर २००८ साली त्याने माहितीपटही केला होता. म्हणून बोगद्यातल्या मारामारीत कॅमेरा लांबून बघत बसत नाही, चाकांच्या मधून जातो. जॉन विक या हॉलीवूडपटाच्या तिसऱ्या भागातली मोटरसायकलवरची तलवारबाजी यावरूनच आली, हे त्याच्या दिग्दर्शकाने उघड मान्य केलंय. २०१७ साली कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात हा दाखवला होता, आणि तीच त्याची वेळ आहे.

धागाकर्ती
देवासारखे भेटलात! शेवटी काय होतं हे सोडून सगळं सांगितलंत, तेही बरंच केलंत. तिसऱ्या प्रश्नाचं काय?

पोहेवाला
आईला रक्त चालतं का?

धागाकर्ती
आई क्राइमच्या मालिका जेवताना बघते.

शेवटचा_खेळ
रक्ताचा प्रश्न नाही. कोरियातही तो प्रौढांसाठीच होता. आईने सोबत बघायला हरकत नाही, पण त्या लहान मुलीत जीव गुंतवू देऊ नका. एवढंच सांगतो. आणि जुंग-सांग झालेला शिन हा-क्युन हा थर्स्ट या कोरियन सिनेमातही किम ओक-बिनचा नवरा होता. तिथेही त्याचं बरं झालं नव्हतं.

धागाकर्ती
काल रात्री आईसोबत बघितला. शेवटची मारामारी बसमध्ये आहे हे कोणीच कसं सांगितलं नाही? मी तो बसमध्ये बघत होते!! ती बॉनेटवर बसून, मागे हात घालून स्टिअरिंग धरते तेव्हा आई म्हणाली, "हिला आधी लायसन्स कोणी दिलं?"

मुलीच्या प्रसंगानंतर मात्र बोलली नाही. उठून गॅस बंद आहे का बघून आली, जो बंदच होता.

आता एक शेवटचा प्रश्न. अगदी शेवटी पोलीस घेरतात तेव्हा ती हसते. सुरुवातीलाही पोलिसांनीच घेरलं होतं. आईचं म्हणणं, आता हिच्याकडून कोणाला काही हिसकावून घेता येणार नाही म्हणून हसते. मला वाटतं तिचं डोकं फिरलंय. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा_खेळ
मी तीनदा बघितलाय. दोनदा तुमच्या बाजूने होतो. आता आईंच्या.