गॅस्ट्रिक बायपासनंतर पुन्हा पोटभर जेवता येऊ लागले आहे. शस्त्रक्रियेविना काही उपाय आहे का?

खळ्यातली तुळस:
नमस्कार. मी ४९ वर्षांची असून वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. २०१७ साली मुंबईत माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करून आतड्याला जोडण्याची, शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी वजन ११८ किलो होते. दीड वर्षात ते ७४ वर आले आणि मधुमेहाच्या गोळ्याही बंद झाल्या. सुरुवातीची काही वर्षे अर्धी वाटी भात आणि सुरमईची एक तुकडी पोटात गेली की छातीच्या खाली दाटल्यासारखे होई आणि पुढचा घास घेण्याची इच्छाच उरत नसे. आता तसे काही होत नाही. सकाळी चार घावणे, दुपारी ताट भरून भात, आणि तासाभराने पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. गेल्या गणपतीत मी तीन उकडीचे मोदक सहज खाल्ले. पूर्वी एका मोदकानेही दरदरून घाम फुटून छाती धडधडत असे. वजन सध्या ९१ आहे.

जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे दूरध्वनी केला असता, पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्या, एवढेच सांगण्यात आले. मला पुन्हा पोट उघडायचे नाही. तोंडावाटे टाके घालून जठरातून आतड्याकडे जाणारी वाट अरुंद करता येते असे ऐकले आहे, आणि हल्ली वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांचीही चर्चा आहे. कोणी अनुभव घेतला असल्यास कृपया लिहावे.

खाडीकाठ:
ताई, मी चिपळूणचा. तोंडावाटे टाके घालून घेण्याचा अनुभव मला आहे. पाउच (जठराचा लहान करून ठेवलेला भाग) आणि आतडे यांच्या जोडाचे तोंड माझ्या बाबतीत जवळजवळ २५ मिलिमीटर रुंद झाले होते. भूल देऊन, पोटावर कोठेही छेद न घेता, दुर्बिणीतून टाके घालून ते आवळले. मी दुसऱ्या दिवशी चालता-फिरता झालो. मात्र मुंबईत चार दिवस थांबा हा सल्ला न मानता त्याच दिवशी मांडवी एक्स्प्रेसने निघालो आणि माणगाव सोडल्यापासून चिपळूण येईपर्यंत उलट्या करीत बसलो. तो दोष सर्वस्वी माझा होता. त्यानंतर कित्येक आठवडे पातळ आहार घ्यावा लागला.

वजन १०४ वरून वर्षभरात ९३ झाले आणि आता ९५ वर स्थिर आहे. पहिले दोन-तीन महिने अगदी जुन्यासारखे वाटले. पुढे ती पकड थोडी सैल झाली. पहिल्या शस्त्रक्रियेइतका फरक पडेल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल, हे मोकळेपणाने सांगतो.

जठराग्नी:
मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. येथे लिहिलेले तपासणीची जागा घेऊ शकत नाही, तरी क्रम समजावून सांगतो.

टाके आणि इंजेक्शन यांच्या आधी नेमके सैल काय झाले आहे ते पाहिले पाहिजे. बायपासमध्ये जठराचा सुमारे ३० मिलिलिटरचा पाउच ठेवून तो आतड्याला जोडतात. हा जोड काळानुसार रुंदावू शकतो, पाउच ताणला जाऊ शकतो, आणि क्वचित पाउच व बाजूला ठेवलेले मूळ जठर यांच्यात भोक पडून अन्नाला जुनी वाट मिळते. तिन्ही गोष्टी दुर्बिणीच्या तपासणीत आणि बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये कळू शकतात. थायरॉइडचा विकार, तसेच स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधे हीही वजन वाढवतात. मोदक सोसू लागले यावरून मात्र जोड रुंदावला असा निष्कर्ष काढू नये. गोडाचा तो त्रास अनेकांमध्ये वर्षांगणिक आपोआप ओसरतो.

जोड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा अपेक्षित असतो. तो बराच रुंद असेल तर दोन मार्ग वापरात आहेत. एक, खाडीकाठ यांनी वर्णन केलेले टाके, ज्यासाठीच्या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२२ साली बायपासनंतरच्या दुरुस्तीकरिता मान्यता दिली. दुसरा, आर्गॉन वायूच्या साहाय्याने जोडाची कड भाजणे. भाजलेली जागा भरून येताना आकसते, मात्र काही आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा करावे लागू शकते. बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी करतात. साधारणपणे शरीराच्या वजनाच्या आठ ते दहा टक्के घट मिळते, म्हणजे खाडीकाठ यांचा अनुभव अपवादात्मक नाही. जोड प्रमाणाबाहेर आकसणे, व्रण आणि रक्तस्राव हे धोके आहेत. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांनी आधी ते सोडावे आणि बायपास झालेल्या कोणीही डोके दुखले म्हणून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

इंजेक्शनांनी जोड अरुंद होत नाही. भूक आणि तृप्ती यांचे संकेत बदलतात. बायपासचा परिणामही केवळ अडथळ्यामुळे नसतो, आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळेही असतो. शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसे न घटलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रोज ३ मिलिग्रॅम लिराग्लुटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन २४ आठवड्यांत सरासरी ८.८ टक्के घटले. नुसते सल्ले आणि औषध नसलेले, तसेच दिसणारे इंजेक्शन मिळालेल्यांचे जेमतेम अर्धा टक्का. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची औषधे २०२५ मध्ये भारतात आली. ती थांबवली की वजन बहुधा परत येते. कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असल्यास ती घेऊ नयेत.

फणसपोळी:
माझ्या मावसबहिणीने पाच दिवस केवळ पातळ पदार्थ घेतले आणि त्यामुळे पाउच पुन्हा आकसतो असे तिचे म्हणणे आहे. आपणही आधी तेच करून पाहावे.

उकडा तांदूळ:
मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि याच ठिकाणी बहुतेकांची फसगत होताना पाहते. पाच दिवसांच्या पातळ आहाराने चरायची सवय मोडते हे खरे. त्याने पाउच लहान होतो याला मात्र आधार नाही.

आपल्याकडचे नेहमीचे जेवण बायपासच्या दृष्टीने फार निसरडे आहे. पेज, मऊ भातावर ओतलेली आमटी, रसात बुडवलेले घावणे, वरून सोलकढी: हे सारे जोड १० मिलिमीटरचा असो की २०, सरळ खाली उतरते आणि तासाभरात भूक लागते. ताई, आपल्या घावण्यांबाबत मला हीच शंका आहे. आठवडाभर असे करून पाहा. ताटात आधी फक्त भाजलेला किंवा कमी तेलात परतलेला बांगडा घ्या, रस्सा नको, आणि तो सावकाश चावून संपवा. मग भाजी. भात उरलेल्या जागेत. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी, ताक, सोलकढी काहीही नको. पूर्वीचे दाटणे थोडे जरी परत आले तर पकड पूर्ण गेलेली नाही असे मानायला जागा आहे. कुळथाची पिठी पौष्टिक असली तरी पातळच असते. त्याऐवजी कुळीथ शिजवून उसळ करावी. आंब्याच्या दिवसांत फोड चालेल, आमरस टाळावा. आणि काजूगर येता-जाता खात असाल तर तेही लिहून ठेवा, कारण मुठीमुठीने त्यांचा हिशेब राहत नाही.

खळ्यातली तुळस:
सात आठवड्यांनी लिहीत आहे. गोव्यात दुर्बिणीने तपासणी झाली. जोड १४ मिलिमीटरचा निघाला, पाउच फारसा ताणलेला नाही, कोठे भोकही नाही. तेथील डॉक्टरांच्या मते टाक्यांचा मला विशेष उपयोग होणार नाही. उकडा तांदूळ यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी दीड बांगडा संपताना छातीच्या खाली ते जुने दाटणे आले. इतकी वर्षे ते गेले असे समजून मी पेजेचे टोप रिकामे करीत होते, याचे हसू आले आणि थोडा रागही. वजन ८८.५ झाले आहे. इंजेक्शनाचा निर्णय तीन महिन्यांनी घ्यायचा ठरला आहे. रक्त तपासले तेव्हा बी-१२ आणि लोह दोन्ही कमी निघाले. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या त्यांच्या गोळ्या मी चार वर्षांपूर्वीच सोडल्या होत्या.

जठराग्नी:
त्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, ताई. बी-१२ खूपच कमी असेल तर सुरुवातीला इंजेक्शनातून घ्यावे लागेल. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपाचे घ्या आणि लोहाची गोळी त्यापासून किमान दोन तास दूर ठेवा. चहाबरोबर तर ती मुळीच घेऊ नका.