आयई ९००, एसई८४६ की ईआर४एसआर? डावा कान साथ देत नाहीये

रहाटाचं_पाणी (कुडाळ)
मंडळी नमस्कार, दोन वर्षं पैसे साठवून गणपतीच्या आधी एक चांगला इनइअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारा इअरफोन, घ्यायचं ठरवलंय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. मागच्या आठवड्यात मुंबईला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा एका दुकानात तासभर बसून तीन ऐकले, सेनहायझर आयई ९००, शुअर एसई८४६ आणि एटिमोटिक ईआर४एसआर. मी ऐकतो डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची, रेकॉर्डिंग, त्यात पखवाज आणि झांज, शिवाय शास्त्रीय गाणं ज्यात तानपुरा नीट ऐकू यायलाच हवा, आणि वर्षातून सात-आठ वेळा रेल्वेचा प्रवास.

आता गंमत बघा. आयई ९०० च्या बासचं नेटवर एवढं कौतुक, आणि मला उजवीकडे थोडा नि डावीकडे जवळजवळ नाहीच, पखवाजाची धुमाळी गेली कुठे तेच कळेना, झांज मात्र टोचत होती. एसई८४६ लावला आणि वाटलं बस्स हाच, गाणारा अगदी समोर बसलाय, आवाज भरदार, पण तानपुरा जरा चादर ओढून बसल्यासारखा. ईआर४एसआर ने तानपुऱ्याची एकेक तार सुटी करून दाखवली, पण ती तीन पाकळ्यांची रबरं आत सारताना मला असा खोकला लागला की दुकानातला पोरगा पाणी घेऊन धावला.

तर कुठला घेऊ? कान लहान आहेत आणि दीड-दोन तास सलग लावायचाय.

काळी_तीन (रत्नागिरी)
तुझा डावा कान गळतोय रे. बहुतेकांचे दोन कान एका मापाचे नसतात, आणि टिप, म्हणजे इनइअरच्या टोकाचं रबर, आणि कान यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी सगळ्यात आधी खालचा आवाज पळतो, वरचा राहतो, म्हणून झांज टोचली आणि पखवाज गेला. तू आयई ९०० ऐकलाच नाहीस, फट ऐकलीस. घरी एक कर, मोबाईलवर ५० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकच खूप खालचा सूर, लाव, आत्ता जो इनइअर आहे तो घाल आणि हलकेच आत दाब. दाबल्यावर आवाज एकदम जाड झाला तर टिप लहान पडतेय. मी स्वतः डावीकडे मोठी आणि उजवीकडे मध्यम वापरतो, आरशात बघून कुणी हसत नाही.

खोकल्याचं म्हणशील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कानाच्या नळीत व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी येते, काही जणांना तिथे स्पर्श झाला की खोकला येतो. पण ईआर४ ची जात १९९१ पासूनच खोल बसणारी, वर वर ठेवलास तर तो नुसता पत्र्याचा डबा वाटतो. तुझ्यासाठी ते नाव खोड.

माडाखाली (मालवण)
माका इचारशीत तर आधी रबरां बदल, मगे लाखभर घाल. लोक होडी घेतत आणि वल्हा इसारतत.

काळी_तीन (रत्नागिरी)
@माडाखाली 😀 एकदम बरोबर.
अजून एक राहिलं, दुकानात तिघांचा आवाज सारखा करून घेतला होतास का? एसई८४६ फार सेन्सिटिव्ह आहे, त्याच व्हॉल्यूमला तो बाकीच्यांपेक्षा मोठा वाजतो आणि जो मोठा वाजतो तो आपल्याला हमखास आवडतो, भजनाच्या बारीतसुद्धा हेच होतं. शिवाय त्यात चार बॅलन्स्ड आर्मेचर (एका जातीचे चिमुकले स्पीकर) आणि इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, फक्त ९ ओहम, त्यामुळे ज्या फोनला किंवा अ‍ॅम्पला लावशील त्याचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आसपास किंवा कमी पाहिजे, नाहीतर नुसता आवाज कमीजास्त होत नाही, सूरच बदलतो. जुन्या अ‍ॅम्पला लावून एसई८४६ ला नावं ठेवणारे बरेच बघितलेत. आयई ९०० मध्ये ७ मिलीमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे साध्या पडद्याचा स्पीकर, त्याला हा त्रास फारसा नाही.

शेवग्याची_शेंग (चिपळूण)
दोन्ही वापरलेत म्हणून लिहिते. झोपून ऐकायचं असेल तर एसई८४६, मोठा दिसतो पण कानाच्या वाटीत सपाट बसतो, उशीने टोचत नाही. आयई ९०० छोटा आणि हलका आहे पण वायर कानावरून नीट वळवून घ्यावी लागते, त्या भानगडीत मी पहिले दोन दिवस वैतागले होते. आवाजात माझं मत आयई ९०० ला, तानपुऱ्याची वरची झिणझिण आणि पखवाजाचा दणका दोन्ही मिळतात, गळा मात्र एसई८४६ पेक्षा दोन पावलं मागे उभा राहतो हे कबूल. आणि बाहेरची केबल घेण्याआधी विचारून घ्या, आयई ९०० चं एमएमसीएक्स सॉकेट, म्हणजे केबल खोचायचं भोक, आत खोल आहे, कुठलीही केबल बसत नाही.

रेल्वेसाठी फोम टिप (स्पंजासारखी), सिलिकॉनच्या रबराने कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्यात काही खरं नाही, साडेसहा किलोमीटर नुसता खडखडाट. फक्त आपल्या हवेत फोम लवकर मरतो, घामाने कडक होतो, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची तयारी ठेवा. पावसात डबीत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारी पुडी, हवंच. तांदळात ठेवू नका कृपा करून, पीठ जाळीत जातं.

रहाटाचं_पाणी (कुडाळ)
टोनची परीक्षा केली. डावा दाबला आणि काय सांगू, घरातली भांडी वाजल्यासारखा आवाज आला, म्हणजे इतकी वर्षं मी अर्ध्या कानाने डबलबारी ऐकत होतो! परवा परत दुकानात गेलो, डावीकडे मोठी फोम, आवाज सारखा करून घेतला. एसई८४६ ची जादू अर्धी उतरली, पखवाज आयई ९०० वर दोन्ही बाजूंनी आला. पाऊण तास लावून बसलो, दुखलं नाही. त्याचीच ऑर्डर दिली, गळा मागे तर मागे.

फक्त सिलिका जेल कुडाळात कुठे मिळतं?

माडाखाली (मालवण)
चपलेच्या दुकानात. फुकट.